‘शिफारस नाही’ म्हणजे ‘करू नये’ का?

सुरंगी
एका ओळीवर दोन दिवस अडकलेय, म्हणून विचारते. देवगडकडच्या आशाताई आणि सिस्टर यांच्यासाठी हार्ट अटॅकच्या उपचारांचं चार पानी टिपण मराठीत करतेय. आधार युरोपियन हृदयरोग संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांचा. त्यात प्रत्येक उपचाराचा वर्ग ठरलेला असतो आणि वर्गाप्रमाणे शब्दही ठरलेले. पहिल्या वर्गाची शिफारस, दुसऱ्यातल्या ‘अ’चा ‘विचार करायला हवा’, ‘ब’चा ‘विचार करता येईल’, आणि तिसऱ्याची शिफारस नाही.

रक्तातला ऑक्सिजन ९० टक्क्यांच्या वर असताना सरसकट ऑक्सिजन लावणं या तिसऱ्या वर्गात येतं. मी लिहिलं, ‘शिफारस केलेली नाही’. मसुदा वाचून एक सिस्टर म्हणाली, “म्हणजे तसं कोणी सांगितलेलं नाही. पण नातेवाईक मागेच लागले तर लावायला हरकत नाही, असंच ना?” तिचं वाचणं चूक नाही, मराठीत त्याचा अर्थ तसाच होतो. मुळात मात्र ‘लावू नका’ असं म्हणायचं आहे. काय लिहू?

निवृत्त मास्तर, राजापूर
सुरंगीताई, घोळ ‘शिफारस’ या शब्दातच आहे. शब्द फारसी, आणि आपल्याकडे तो वशिल्याच्या शेजारी वाढला. माझ्या लहानपणी मुंबईला गिरणीत चिकटायचं तर गावातल्या जॉबरची, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाची, शिफारस लागे. ज्याची शिफारस नाही तो माणूस वाईट नव्हे, त्याच्यासाठी कोणी शब्द टाकलेला नाही एवढंच. तुमच्या सिस्टरने नेमका हाच अर्थ घेतला.

आपल्या शास्त्रांत तयार शब्द आहेत: विहित, इष्ट, अनुज्ञात, निषिद्ध. चार पायऱ्या, चार शब्द. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते, भाषाशुद्धीचा आग्रह त्यांनी तिथूनही धरला. ‘महापौर’, ‘दिग्दर्शक’ आज कोणाला जड वाटतात का?

खाडीकाठ
मास्तर, आदर ठेवून सांगतो, ‘अनुज्ञात’ वाचून आशाताई कागद घडी करून पिशवीत ठेवतील. माझ्या आईला बीपीच्या कागदावर ‘मिठाचे सेवन मर्यादित ठेवण्याची शिफारस’ असं छापून आलं होतं. तिने ते मोठ्याने वाचलं आणि संध्याकाळी खारा बांगडा भाजला. मग मी पेनाने खाली लिहिलं, ‘लोणचं, पापड, सुकी मासळी वर्ज्य’. श्रावणात काय वर्ज्य ते तिला कोणी समजवावं लागत नाही, तसंच हेही लागलं नाही.

तेव्हा तिसऱ्या वर्गाला ‘वर्ज्य’. बाकीच्यांसाठी बोलीतली उतरण आहेच की: करायचंच, करावं, केलं तर चालेल.

कचेरीतला
‘करावं’ला माझी हरकत. पंचायत समितीत तीस वर्षं टपाल उघडलं. ‘आवश्यक ती कार्यवाही करावी’ आलं की तो हुकूम, त्यात विचार करायला जागा नसते. घरी मात्र ‘एकदा डॉक्टरला दाखवावं’ हा सल्ला. ‘सूचना’चीही तीच गत. सूचना *केली* तर सुचवलं, सूचना *दिली* तर बजावलं. मग ‘मार्गदर्शक सूचना’ या केलेल्या की दिलेल्या? ते आधी ठरवा.

तालुक्याचा डॉक्टर
दोन्ही नव्हेत. पुरावा तोलून सांगितलेलं मत आहे ते, समोरच्या पेशंटचा निर्णय डॉक्टरवरच असतो. एक गोष्ट इथे सुटतेय. वर्ग वेगळा आणि पुराव्याची पातळी वेगळी. अटॅकनंतर कमी मात्रेतलं कोल्चिसिन हे दाह कमी करणारं औषध त्याच २०२३ च्या कागदात ‘विचार करता येईल’ एवढ्यावरच आहे, पण पुराव्याची पातळी ‘अ’, म्हणजे सर्वांत वरची. ‘केलं तर चालेल’मध्ये हे बसत नाही. ते ऐकून वाटतं, कोणी नीट तपासलेलंच नाही.

आणि ‘वर्ज्य’ही सरसकट नको. अमेरिकन मंडळी तिसऱ्या वर्गाचे दोन भाग करतात, ‘उपयोग नाही’ आणि ‘अपाय होतो’. वर्ज्य म्हटलं की अपायच डोळ्यांसमोर येतो.

पण काही ठिकाणी ‘करायचंच’ला पर्याय नाही. ईसीजी पहिल्या १० मिनिटांत. ईसीजीत मोठा अटॅक दिसला आणि १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी होण्यासारखी नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, तेही निदानापासून १० मिनिटांत. आमच्याकडून पेशंट अणुस्कुरा घाटाने कोल्हापूरला न्यायचा. पावसाळ्यात त्या वळणांवर किती वेळ जातो हे मास्तरांना सांगायला नको. तिथे शब्द ढिला पडला तर तास जातो.

सिस्टर, मालवण
मला वाटतं त्याआधीच शब्द ढिला पडतो. आम्ही विचारतो, “छातीत दुखतंय का?” मागच्या महिन्यात एक आजोबा आले, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, डावी मूठ छातीवर दाबलेली. मला म्हणाले, “दुखणा नाय गो बाय, उरार धोंडो ठेवल्यासारखा वाटता.” मी ‘दुखत नाही’ एवढंच लिहिलं असतं तर? घरून ते ओवा आणि आमसुलाचं पाणी पिऊन निघाले होते, गॅस समजून. ईसीजी काढला, अटॅकच होता.

तालुक्याचा डॉक्टर
सिस्टर, २०२१ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांमध्ये हेच आहे. छातीतलं दुखणं म्हणजे नुसती कळ नव्हे. दाब, आवळल्यासारखं होणं, खांदा, हात, मान, पाठ, जबडा किंवा पोटाच्या वरच्या भागातली अस्वस्थता, धाप, थकवा, सगळं त्यात धरा म्हणतात. शिवाय ‘अटिपिकल’, म्हणजे नेहमीसारखी नसलेली छातीदुखी, हा जो जुना शब्द होता तो वापरू नका असं सांगितलंय. लोक त्याचा अर्थ ‘किरकोळ’ असा घेत. आता हृदयाची, कदाचित हृदयाची, हृदयाची नसलेली, असे तीन प्रकार करायचे.

निवृत्त मास्तर, राजापूर
म्हणजे त्यांनाही शब्द बदलावा लागला! मग आपण ‘हार्टफेल’चं काय करणार?

सुरंगी
मास्तर, तो शब्द आमच्या घरात होऊन गेलाय. बाबांच्या डिस्चार्ज कार्डावर ‘हार्ट फेल्युअर’ होतं. आईने तेवढंच वाचलं आणि वॉर्डाबाहेरच्या बाकावर कोसळून रडायला लागली. आमच्याकडे हार्टफेल झालं म्हणजे माणूस गेला. बाबा आत बसून पेज पीत होते. हृदयाची रक्त ढकलायची ताकद कमी झालीय, औषधांनी माणूस वर्षानुवर्षं राहू शकतो, हे कोणी चार शब्दांत सांगितलं असतं तर ती अर्धी रात्र तशी गेली नसती. टिपणात मी ‘हृदय अशक्त होणे’ लिहिलंय.

निवृत्त मास्तर, राजापूर
‘हृदयदौर्बल्य’ लिहा. पण गीतेत ते भित्रेपणासाठी आलंय, तेवढी अडचण आहे खरी.

खाडीकाठ
‘काळीज अशक्त झालंय’ का नको? आमच्याकडे हृदय शाळेत, काळीज घरात.

कचेरीतला
काळीज मुळात यकृत. मटणवाल्याकडे काळीज मागून बघा, काय हातात पडतं ते. संस्कृत ‘कालेय’वरून आलाय.

सिस्टर, मालवण
गोव्याकडचे पेशंट छातीला ‘हर्दें’ म्हणतात. ते हृदयावरूनच आलं असणार. म्हणजे त्यांचं हृदय छाती झालं आणि यकृत हृदय झालं. त्यांना ‘हर्द्यांत दुखता?’ विचारलं की लगेच हात ठेवून दाखवतात.

सुरंगी
सिस्टर, हे शब्द मला हवेतच. ‘उरार धोंडो’ टिपणात पहिल्या पानावर घेते. दापोली-मंडणगडकडचं कोणी आहे का इथे? तुमच्याकडे या दाबाला काय म्हणतात? आणि ऑक्सिजनच्या ओळीत सध्या ‘लावू नये, उपयोग नाही’ असं लिहून ठेवलंय. मास्तर आणि डॉक्टर, दोघांनीही एकदा बघा.