ठिपका थांबला तेव्हा

(फॅमिली ग्रुप, रविवार संध्याकाळ)

आई, ७.१२
मृण्मयीच्या ग्लायडरचा नकाशावरचा ठिपका दहा मिनिटं झाली हललेला नाही. उंची ९३० मीटर दाखवतोय आणि तिथेच अडकलाय. फोन लावला तर लागत नाहीये. कोणीतरी बघा रे.

रोहन, ७.१५
काकू, मलाही तेच दिसतंय. शेवटची नोंद ७.०१ ची. पण मागचा माग बघ, ती सावकाश खाली येत होती. एकदम कुठेच घसरलेली नाही.

काका, ७.१६
वहिनी, घाबरू नका. ग्लायडरला इंजिनच नसतं, त्यामुळे बंद पडण्यासारखं काही नाही. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरला मी एकदा बसलोय. विंचने, म्हणजे जमिनीवरच्या यंत्राने, दोर ओढून वर नेतात, दोर सुटला की पुढे सगळं हवेवर. उतरतानाही किती अलगद उतरतं!

आई, ७.१७
भावोजी, तिथे खाली धावपट्टी होती. ही कुठल्या डोंगरात आहे कोणास ठाऊक.

मृण्मयी, ७.२६
आई, मी खाली उतरलेय, एकदम सुखरूप. दरीत फोनला रेंज नव्हती, रस्त्यापर्यंत चालत आले. ग्लायडरलाही खरचटलं नाही. गवत नुकतंच कापलेलं एक लांबलचक कुरण होतं, तिथे उतरले.

आई, ७.२६
देवा.

आत्या, ७.२८
पण मग तो ठिपका हवेतच का दाखवत होता गं? आम्ही सगळे इथे श्वास रोखून बसलो होतो.

मृण्मयी, ७.४१
आत्या, नीट सांगते, म्हणजे पुढच्या वेळी आईच्या पोटात गोळा येणार नाही.
माझ्या ग्लायडरमध्ये फ्लार्म नावाचं छोटं यंत्र आहे. मी कुठे आहे, किती उंचीवर आहे आणि पुढच्या काही सेकंदांत कुठे असेन, हे ते दर सेकंदाला आसपासच्या ग्लायडरना रेडिओवरून सांगतं. घारी जिथे घिरट्या घालतात तिथे हवा वर चढत असते. आम्हीही तिथेच जातो, अशा चढत्या हवेला थर्मल म्हणतात, एकेका थर्मलमध्ये पाच-सहा ग्लायडर गोल फिरत असतात. पूर्वी अशातच टकरी होऊन माणसं गेलीत. म्हणून २००४ च्या सुमारास स्वित्झर्लंडमधल्या ग्लायडर उडवणाऱ्यांनीच हे यंत्र बनवलं.
हाच रेडिओ जमिनीवरून ऐकणारे हौशी लोक आहेत. छपरावर अँटेना, रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा कॉम्प्युटर आणि टीव्ही पकडायचा यूएसबी डोंगल, एवढंच सामान. त्यांच्या जाळ्याला ओपन ग्लायडर नेटवर्क म्हणतात. आमच्या क्लबच्या हँगरवरही, म्हणजे ग्लायडर ठेवायच्या शेडवरही, एक अँटेना आहे. आई, तू बघतेस तो ठिपका तिथून येतो. पण या लाटा सरळ जातात, डोंगर आडवा आला की ऐकू येणं संपलं. ९३० ही समुद्रसपाटीपासूनची उंची, आणि इथे जर्मनीत श्वेबिश आल्बच्या डोंगरांत ते कुरणच ७०० मीटरवर आहे. म्हणजे जमिनीपासून २३० मीटरवर मी डोंगराआड गेले आणि ठिपका तिथेच गोठला. ठिपका थांबला याचा अर्थ एवढाच की आता कोणाला ऐकू येत नाही.

रोहन, ७.४४
पण हे सगळ्या जगाला दिसतं की. कोणी कुठे उडतंय, कधी घरी नाही. क्लबमध्ये कोणी हरकत घेत नाही?

मृण्मयी, ७.४८
घेतात ना, आणि त्यांचं म्हणणं रास्तच आहे. फ्लार्ममध्येच 'माग ठेवू नका' अशी सेटिंग आहे, ती केली की हे नेटवर्क तुम्हाला दाखवत नाही. बाकी ग्लायडरना मात्र टक्कर टाळण्यापुरते तुम्ही दिसत राहता. आमच्या क्लबात दोघांनी तसं केलंय, त्यांना कोणी काही म्हणत नाही. मी मात्र चालूच ठेवते. मी परत आले नाही तर शोधायला कुठे जायचं, हे कोणाला तरी माहीत असायला हवं.

काका, ७.५०
पण उतरावं का लागलं? सकाळी तर तू म्हणालीस दिवस चांगला आहे.

मृण्मयी, ७.५८
काका, सकाळच्या बैठकीत तसंच ठरलं होतं. तापमान २७, दवबिंदू ११, फरक १६. त्याला १२५ ने गुणलं की ढगांचा तळ जमिनीपासून साधारण २००० मीटरवर. उत्तम दिवस. पण दुपारी वर पातळ ढगांची चादर पसरली, ऊन गेलं आणि थर्मल मेले. आमच्यातल्या एका जुन्या सभासदाने रेडिओवर सांगितलंही होतं की पश्चिमेला आता काही उरलं नाही. मी ऐकलं आणि तरी पश्चिमेला गेले. चूक माझी आहे.
आज रात्री क्लबच्या ग्रुपवर मी हे स्वतः लिहिणार आहे. आमच्याकडे ज्याची चूक तोच आधी सांगतो. मला या क्लबातली सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच आहे. गेल्या वर्षी शिकवणाऱ्या एका बाईंनी स्वतःच्या चुकलेल्या लँडिंगचा माग सगळ्यांना पाठवला होता, कुठल्या क्षणी काय विचार केला त्यासकट. तो वाचल्यापासून मी कुरण लवकर निवडायला शिकले. आजही ३०० मीटर उंची असतानाच निवडून ठेवलं होतं.

काका, ८.०१
हा माग म्हणजे नेमकं काय? मलाही बघायला मिळेल?

मृण्मयी, ८.०६
पाठवते. आयजीसी फाइल म्हणतात, साध्या नोटपॅडमध्ये उघडते. 'बी' अक्षराने सुरू होणाऱ्या हजारो ओळी दिसतील. प्रत्येक ओळीत वेळ, अक्षांश, रेखांश आणि दोन उंच्या, एक हवेच्या दाबावरून, एक जीपीएसवरून. शेवटी डिजिटल सही असते, कोणी मागाहून आकडा फिरवला तर पकडला जातो. आम्ही ती वीग्लाइड या वेबसाइटवर टाकतो आणि दुसऱ्याच्या मागाशेजारी आपला ठेवून बघतो. मी चढती हवा फार लवकर सोडते, हे मला असंच कळलं.

आई, ८.०९
ते सगळं ठीक. पण उतरलीस की आधी इथे का नाही लिहिलंस?

मृण्मयी, ८.१३
आई, आधी क्लबला लिहावं लागतं. ठिकाण, कुठल्या रस्त्याने यायचं, कुरणाला फाटक आहे का, ग्लायडर न्यायचा ट्रेलर आत शिरेल का, मी ठीक, ग्लायडर ठीक. एवढं मिळाल्याशिवाय मला न्यायला कोणी निघूच शकत नाही. मग शेतकऱ्याला भेटून विचारलं, त्याचं गवत तुडवायचं नाही ना. पण यापुढे क्लबला लिहिलेलं तसंच्या तसं इथेही पाठवत जाईन. नक्की.

आई, ८.१४
जर्मनमध्ये लिहिलंस तरी चालेल. 'ठीक' एवढा शब्द मराठीत लिही.

मृण्मयी, ९.०५
ट्रेलर आला. पंख सुटे करायला तिघेजण लागतात, मी एक पंख धरून उभी राहते. घरी पोचले की फोन करते. ठीक.