फुफ्फुसाचा कॅन्सर, विडी-तंबाखू कधीच नाही: केमो की गोळी? मदत हवी आहे

मांजराकाठ: मावशी, वय 56, अंबाजोगाईजवळचं खेडं. व्यसन कसलंच नाही, चुलीचा धूर मात्र रोजचा. छातीत पाणी झालं. बायोप्सीत अ‍ॅडेनोकार्सिनोमा (ग्रंथीच्या पेशींपासून होणारा कॅन्सर), चौथी स्टेज. आधी टीबी समजून सुरू केलेल्या गोळ्या अजून चालूच आहेत. डॉक्टर केमो म्हणतात, पाहुणे म्हणतात कॅन्सरच्या गोळीवर भागतं. जाणकारांनी सांगावं.

गोदाकाठ: व्यसन नाही म्हणून गोळी, असं नसतं हो. 2009 चा आयपास अभ्यास अशाच, बहुतेक कधीच न ओढलेल्या आशियाई रुग्णांवर झाला. ईजीएफआर जनुकात बदल असेल तर जेफिटिनिब या गोळीवर आजार साधारण 9.5 महिने आटोक्यात राहिला, केमोवर 6.3. बदल नसेल तर गोळीवर जेमतेम दीड महिना, केमोवर साडेपाच! म्हणून आधी ईजीएफआर, एएलके, आरओएस-1 या जनुकांतले बदल तपासा. त्यासाठी लॅबमधून बायोप्सीचा तुकडा जपलेला मेणाचा ब्लॉक मागून घ्या, नुसता कागद नेऊन उपयोग नाही. तुकडा संपला असेल तर छातीतल्या पाण्याचा सेल ब्लॉक (पाण्यातल्या पेशींचा तसाच ठोकळा) चालतो. रक्तावरही तपासणी होते, पण रक्तात बदल दिसला नाही म्हणजे तो नाहीच, असं धरू नका.

मांजराकाठ: दम फार लागतोय दादा, रिपोर्टपर्यंत थांबता येईल का?

गोदाकाठ: दम वाढत असेल तर थांबू नये. पेमेट्रेक्सेड-कार्बोप्लॅटिन या केमोचा एक डोस घेऊन रिपोर्ट आला की गोळीवर जाता येतं. फक्त त्यात इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्ती जागवणारं औषध) जोडू देऊ नका. मागून ओसिमर्टिनिब ही ईजीएफआरची गोळी दिली तर फुफ्फुसाला सूज येण्याचा धोका वाढतो. पेमेट्रेक्सेडआधी फॉलिक अ‍ॅसिड रोज आणि बी-12 चं 1000 मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन हवंच. ते चुकलं की तोंड येतं, पांढऱ्या पेशी कोसळतात.

बालाघाट: टीबीच्या गोळ्यांचं आजच विचारा. थुंकीत किंवा पाण्यात जंतू सापडले होते, की नुसता एक्सरेतला डाग बघून सुरू केल्या? त्यातल्या रिफाम्पिसिनमुळे यकृत कॅन्सरची गोळी भराभर जिरवून टाकतं आणि रक्तातलं प्रमाण पार खाली येतं. मनानं बंद करू नका, दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावा. अ‍ॅसिडिटीच्या पँटोप्राझोलनंही जेफिटिनिब नीट शोषली जात नाही. ओसिमर्टिनिबला (80 मिलिग्रॅम, दिवसातून एकदा) ती अडचण नाही.

गोळीवर पुरळ, जुलाब, नखांच्या कडा दुखणं होतं, ते सांभाळता येतं. नवा कोरडा खोकला किंवा अचानक वाढलेला दम मात्र त्याच दिवशी दाखवा.