चिऊच्या वाटीत शिंपला

आई: सूनबाई, फोटो गोड आहे. पण चिऊच्या वाटीत शिंपला दिसतोय की माझा चष्मा बदलायला हवा?

वहिनी (टोकियो): आई, काल ३ मार्च, हिनामात्सुरी. मुलींचा सण. शेजारच्या आजींनी जेवायला बोलावलं होतं. त्या दिवशी हामागुरी शिंपल्यांचं पातळ सार करतातच.

आई: ते कळलं. प्यायली का?

दादा: दोन चमचे. शिंपला नुसता खेळायला घेतला.

आई: म्हणजे प्यायली.

बापूकाका: लहान मुलांना वरणभात द्यावा. 🙏

मामी (मालवण): वन्सं, आमच्याकडे तिसऱ्या खाऊनच सगळी पोरं मोठी झाली.

आत्या (नागपूर): तुमच्याकडे. आमच्याकडे चातुर्मासात कांदासुद्धा बंद.

मामी (मालवण): हो, गेल्या श्रावणात तुमच्याकडची भजी खाल्ली होती मी 😊

वहिनी (टोकियो): आत्या, हामागुरीचे दोन भाग एकमेकांनाच बसतात, दुसऱ्या शिंपल्याचा भाग लावला तर जुळत नाही. मुलीला असाच जोडीदार मिळावा म्हणून ते सार. आजींनी चार-पाच शिंपले सुटे करून चिऊला जोड्या लावायला दिले. अर्धा तास जागची हलली नाही!

ताई (पुणे): साडेतीन वर्षांच्या पोरीचं लग्न. तिकडेही तेच 🙄

आत्या (नागपूर): वेळेवर विचार केलेला बरा असतो.

ताई (पुणे): आत्या, सकाळी सकाळी नको.

आई: आणि ते गुलाबी-पांढरं काय? घशात अडकेल. गेल्या महिन्यात ते भाजलेले सोयाबीन पाहिल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

वहिनी (टोकियो): सेत्सुबुनला, म्हणजे दाणे फेकून राक्षस पळवायच्या सणाला, तिला दाणे खाऊ दिलेच नव्हते, आई. इथली सरकारी सूचनाच आहे, ५ वर्षांपर्यंत कडक दाणे नाहीत. तिने बंद पुड्याच फेकल्या, राक्षस झालेल्या बाबाच्या डोक्यावर. हे हिनाअरारे म्हणजे तांदळाच्या गोड लाह्या, बोरन्हाणाच्या चुरमुऱ्यांसारख्या. ओसाकाकडे खारट करतात. तिरंगी हिशिमोची, म्हणजे तांदळाची वडी, चिकट, म्हणून ती नुसती बघायला. तिचा हिरवा थर योमोगीचा, आपल्या दवण्याच्या कुळातला पाला.

दादा: चिराशीझुशीतली कोळंबी मी काढली. कमळकाकडीची चकती मात्र तिने खाल्लीच नाही, भोकातून आजींना बघत बसली.

आई: कोळंबी??

दादा: काढली म्हणतोय ना.

बापूकाका: लहान मुलांना वरणभात द्यावा. 🙏

दादा: काका, भातच होता. वर अंड्याच्या पट्ट्या.

आई: अंडं.

वहिनी (टोकियो): 🙈 आजी आज सकाळपासून सणाला मांडलेल्या बाहुल्या कागदात गुंडाळून ठेवतायत. आवरायला उशीर झाला तर मुलीचं लग्न लांबतं म्हणे.

ताई (पुणे): आई, माझी भातुकली अजून माळ्यावर आहे का गं?

आई: नाही. दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये आहे. का?

आत्या (नागपूर): आजच्या आज उचला ती.