मदत हवी आहे : आईच्या उशाशी प्रार्थना कशी करू?

जय ख्रिस्त. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय विचारता येणार नाही.

आम्ही नगरकडचे. घरात रोज रात्री जेवणाआधी कौटुंबिक प्रार्थना असायची. वचन वडील वाचायचे, प्रार्थना आई करायची. शेजारच्या म्हशीच्या आजारापासून आमच्या बोर्डाच्या परीक्षेपर्यंत सगळं त्यात यायचं. भाकरी गार व्हायची, तरी तिची नावं संपायची नाहीत.

आठ महिन्यांपूर्वी तिला स्ट्रोक झाला. उजवी बाजू आणि वाचा, दोन्ही गेलं. बरंचसं समजतं, पण शब्द सापडत नाही. चष्मा हवा असला तरी नुसतं "ते... ते..." म्हणते आणि डोळे भरून येतात. वडील आता नाहीत. मी तिला पुण्याला आणलंय आणि रोजची प्रार्थना माझ्याकडे आली आहे.

मला ती जमत नाही. "प्रभू, आईला बरं कर" म्हणून झालं की पुढचं सुचत नाही. रोज तीच चार वाक्यं, आणि तीही तोंडाने चालू असताना डोक्यात उद्याची फिजिओथेरपी.

महिन्यापूर्वी एका रात्री काहीच सुचेना, म्हणून नुसती प्रभूची प्रार्थना, येशूने शिष्यांना शिकवलेली, म्हणायला घेतली. आणि आई माझ्याबरोबर म्हणायला लागली. "आमची रोजची भाकर आज आम्हांस दे" अगदी स्वच्छ! जिला पाणी मागता येत नाही, तिने भाकर मागितली. मला रडू आलं, मी थांबले; ती दोन ओळी एकटीच पुढे गेली. स्पीच थेरपिस्ट म्हणाल्या, असं होतं. पाठ असलेले शब्द आणि गाणी मेंदूत वेगळ्या वाटेने येतात, त्यामुळे बोलणं गेलेल्या माणसाकडेही ती पुष्कळदा शिल्लक राहतात.

मग ओळखीच्या एका प्रार्थनागटातले लोक भेटायला आले. मी आनंदाने हे सांगितलं, तर म्हणाले, पाठांतर ही प्रार्थना नव्हे. बायबलात मत्तय 6:7 मध्ये प्रभूने व्यर्थ बडबड करू नका म्हटलंय. याकोब 5:15 दाखवून म्हणाले, विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवते, मग आठ महिने उत्तर नाही म्हणजे विश्वासात कमतरता आहे. एकाने तर आईच्या देखत विचारलं, एखादं पाप कबूल करायचं राहिलंय का? आईला ते कळलं. त्या रात्री तिने तोंड उघडलं नाही.

म्हणून विचारते. पाठ शब्दांची प्रार्थना खरी असते ना? आणि बरं कर म्हणून मागत राहायचं की आता थांबायचं?

प्रतिसाद
ताई, मी निवृत्त पाळक आहे. मत्तय 6:7 दाखवणाऱ्यांनी आणखी दोनच ओळी वाचायला हव्या होत्या. बडबड करू नका म्हटल्यावर लगेच नवव्या वचनात प्रभू शिष्यांना शब्द देतो, आणि ते हेच शब्द, जे तुमची आई म्हणते. पकडला जाण्याआधी गेथशेमाने बागेत त्याने तिसऱ्यांदाही तेच शब्द बोलून प्रार्थना केली, असं मत्तय 26:44 सांगतो. वधस्तंभावर "माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास" हा आक्रोशही 22 व्या स्तोत्रातला. फार दुखतं तेव्हा माणूस नवे शब्द जुळवत नाही.

विश्वासाचं म्हणाल, तर प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारा त्रास, जावा म्हणून तीनदा विनंती केली, तो गेला नाही. आपला सोबती त्रफिम याला त्याने मिलेत शहरात आजारीच ठेवलं (2 तीमथ्य 4:20). पौलाचा विश्वास कमी होता असं कोण म्हणेल? मागणं थांबवू नका. फक्त उत्तर आलं की नाही यावर आईचा विश्वास मोजायला कुणाला देऊ नका. आणि खाटेवरच्या पक्षाघाती माणसाची गोष्ट आठवा. मार्क 2:5 मध्ये प्रभूने पाहिला तो त्याला उचलून आणणाऱ्यांचाही विश्वास. ती खाट सध्या तुम्ही उचलली आहे.

प्रतिसाद
माझ्या सासऱ्यांचं असंच होतं. लांब प्रार्थनेने ते दमायचे. आम्ही एक भजन, एक छोटं स्तोत्र आणि प्रभूची प्रार्थना एवढंच ठेवलं, रोज एकाच वेळी, हात हातात घेऊन. बाकीची नावं वहीत लिहून मी सकाळी एकटी घ्यायचे. आणि तुमच्यासाठीही कुणाला तरी प्रार्थना करायला सांगा.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. पाळकसाहेब, मार्क 2 काल आईला वाचून दाखवलं, तिने माझा हात घट्ट धरला. मग 23 वं स्तोत्र घेतलं. पहिल्या ओळीला ती बरोबर होती, पुढे अडखळली आणि मान हलवत राहिली. नंतर लक्षात आलं, मी नव्या भाषांतरातून वाचत होते. तिचं पाठांतर जुन्या पवित्र शास्त्रातलं. ती प्रत भावाकडे नगरला आहे, रविवारी घेऊन येतोय. स्तोत्र 121 आणि 103 खेरीज त्या पिढीला लहानपणी कोणती पाठ करून घेत असत, कुणाला आठवत असेल तर इथे लिहा.