शब्दचर्चा : 'कम्युनिटी ऑर्गनायझिंग' म्हणजे लोकसहभाग नव्हे, मग काय?

प्रश्न
आरोग्यकार्यकर्त्यांसाठीच्या एका प्रशिक्षण-पुस्तिकेचं भाषांतर करते आहे. 'कम्युनिटी ऑर्गनायझिंग'चा, म्हणजे एका वस्तीतल्या लोकांनी एकत्र येऊन आपले प्रश्न स्वतः ठरवायचे आणि त्यांसाठी मागणी करायची, याचा सिद्धान्त स्थानिक सार्वजनिक आरोग्याच्या कामात कसा वापरायचा, हा तिचा विषय. पहिल्या खर्ड्यात सरळ 'लोकसहभाग' लिहून मोकळी झाले. पुढे 'पार्टिसिपेशन' आलं, तेही लोकसहभागच झालं, आणि एका वाक्यात तर दोघे शेजारी शेजारी बसलेत. समाजकार्याच्या पुस्तकांत 'समुदाय संघटन' असतं, पण ते वाचून डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही. 'समाजसंघटन' चालेल का?

प्रतिसाद
'समाजसंघटन' नको. 'आमच्या समाजाचा मेळावा' म्हटलं की ऐकणारा जात समजतो. इथे अभिप्रेत आहेत ती एकाच नळाचं पाणी पिणारी, एकाच दवाखान्याच्या रांगेत उभी राहणारी माणसं, मग जात कुठली का असेना. साधं 'लोक' बरं.

प्रतिसाद
'लोकसंग्रह' हा तयार शब्द असताना नवा कशाला शोधायचा?

प्रतिसाद
कारण तो भलतीकडे नेतो. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात लोकसंग्रह करणारा जनकासारखा श्रेष्ठ पुरुष आहे. तो वागतो तसे बाकीचे वागतात. रोजच्या मराठीत 'त्यांचा लोकसंग्रह दांडगा' म्हणजे ओळखीपाळखी भरपूर. दोन्हीकडे मध्यभागी एक मोठा माणूस आहेच. ऑर्गनायझिंगमध्ये तो नसावा, अशी अपेक्षा असते.

प्रतिसाद
जरा सविस्तर लिहितो, कारण गोंधळ शब्दाइतकाच कल्पनेचाही आहे.

'संघटना' आणि 'संघटन' दोन्ही 'घट्' धातूचे. आपलं 'घडणे'ही त्याच घरातलं. पण 'संघटना' म्हटलं की फलक, अध्यक्ष, पावतीपुस्तक. 'संघटन' ही क्रिया आहे, तरी वाचकाला पहिलंच आठवतं. मला 'बांधणी' जवळचा वाटतो. 'पक्षबांधणी' आपण बोलतोच, तशी 'लोकबांधणी'. ('मोट बांधणे' मात्र टाळा, त्यात निवडणुकीपुरती सोय ऐकू येते.)

आता फरक. डेंगूचं उदाहरण घ्या. एडिस डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून आरोग्य खातं सांगतं, आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून घासा. ही झाली जनजागृती. या शब्दात लोक झोपलेले आहेत हे गृहीतच धरलेलं असतं, ते एक असो. सभेला लोक आले, माना डोलावल्या, तर अहवालात 'लोकसहभाग' लिहिला जातो. पण लोक पाणी साठवतात ते नळ रोज येत नाही म्हणून. लोकबांधणी करणारा आधी घरोघर जाऊन विचारेल, तुम्हाला कशाचा त्रास होतो? उत्तर बहुधा 'डास' येणार नाही, 'पाणी' येईल. मग मागणी ठरते ती पाण्याच्या वेळापत्रकाची, आणि ती घेऊन जायची आरोग्य खात्याकडे नव्हे, तर पाणीपुरवठ्याकडे. डासांचा बंदोबस्त त्या वाटेने होतो. अजेंडा कोणी ठरवला, एवढ्यावरच 'लोकसहभाग' आणि 'लोकबांधणी' हे दोन शब्द वेगळे होतात.

याच कारणाने 'प्रॉब्लेम' आणि 'इश्यू' या दोघांनाही 'समस्या' लिहू नका. 'अस्वच्छता' ही समस्या. तिच्याशी भांडता येत नाही. 'कचरागाडी आठवड्यातून तीनदा यावी' हा मुद्दा. त्यावर कोणाला तरी हो किंवा नाही म्हणावं लागतं.

प्रतिसाद
'सहभाग' इतकाही वाईट नाही. त्यात 'भाग' आहे, म्हणजे वाटा. आपण तो झिजवून 'हजेरी' केला. अमेरिकी अभ्यासक शेरी आर्नस्टाइन यांनी 1969 साली सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाच्या दोन पायऱ्यांवर सहभाग नाहीच, मधल्या तीन म्हणजे माहिती देणं, मत विचारणं, समजूत घालणं, हा देखावा. भागीदारी सुरू होते सहाव्या पायरीवर. प्राथमिक आरोग्यसेवेवरच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या 1978 च्या अल्मा-आटा जाहीरनाम्यातही आरोग्यसेवेच्या नियोजनात आणि अंमलबजावणीत भाग घेणं हा लोकांचा हक्क आणि कर्तव्य म्हटलं आहे. नियोजनात! अहवालांतले सहभाग बहुतेक चौथ्या पायरीच्या वर चढत नाहीत.

प्रश्नकर्ती
आभार. पण पुस्तिकेत समाजकार्याचे अभ्यासक जॅक रॉथमन यांनी 1968 मध्ये सांगितलेले या कामाचे तीन प्रकार आहेत : स्थानिक विकास, सामाजिक नियोजन, सामाजिक कृती. नियोजनात सूत्रं तज्ज्ञांच्या हातात असतात. त्यालाही लोकबांधणीच म्हणू?

प्रतिसाद
तिघांवरचं छत्र म्हणून तुमचं कोरडं 'समुदाय संघटन' राहू द्या आणि 'लोकबांधणी' पहिल्या आणि तिसऱ्यापुरती ठेवा. एका इंग्रजी शब्दाला दोन मराठी शब्द लागले तर लागू देत.

प्रतिसाद
बांधणीत सगळं सोज्वळ असतं असं मात्र वाटू देऊ नका. या कामातले नावाजलेले अमेरिकी कार्यकर्ते सॉल आलिन्स्की यांनी 1939 मध्ये शिकागोच्या कत्तलखान्यांमागच्या वस्तीत काम उभारलं. 1971 च्या पुस्तकात ते स्वतःच सांगतात : तिथे बालमृत्यू फार, बालआरोग्य संस्थेची सेवा पूर्वी चर्चच्या विरोधामुळे बंद झालेली. नुसती विनंती केली असती तरी सेवा परत मिळाली असती, हे त्यांना ठाऊक होतं. ते त्यांनी लोकांना सांगितलं नाही. टेबलावर हात आपटत मागणी करायला लावली, म्हणजे 'आपण मिळवलं' ही भावना यावी. याला सक्षमीकरण म्हणायचं का? '-करण' लागलं की करणारा दुसराच असतो. मला ही फसवणूक वाटते.

प्रतिसाद
फसवणूक खरी, पण लोक बाळांसाठी सेवा मिळवून परतले, आणि पुढच्या वेळी कुठल्या दारावर जायचं ते त्यांना कळलं. मी तरी लगेच नाक मुरडणार नाही.

प्रश्नकर्ती
तो परिच्छेद तसाच ठेवते, वाचकांना भांडू दे. वाक्य आता असं केलंय : 'लोकबांधणी झाली नसेल तर लोकसहभाग हजेरीपुरता उरतो.' दोघे शेजारी आहेत, पण आता वेगळे दिसतात. राहिला 'ऑर्गनायझर'. 'संघटक' लिहिलं की पक्षातलं पद वाटतं.

प्रतिसाद
'कार्यकर्ता' लिहा. नाहीतरी सतरंज्या तोच उचलतो.