आयआर रिसीव्हर: बटण न दाबता कोड येतात, दाबलं की येत नाहीत

रात्रकिडा:
मंडळी, डब्ल्यूएस२८१२ची (प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा ठरवता येणारी) ६० दिव्यांची एलईडी पट्टी रिमोटवर चालवायची आहे. आर्डुइनो उनो (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड), रिमोटचे सिग्नल वाचायला आयआर-रिमोट लायब्ररीची जुनी आवृत्ती. रिमोटचा इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणारा) प्रकाश ओळखणारे रिसीव्हर दोन आहेत. एक नवा १८३८बी. दुसरा जुन्या डीव्हीडी प्लेअरमधून उपटलेला, पत्र्याच्या डबीतला. त्यावर एक अक्षरही छापलेलं नाही.

सध्या १८३८बी जोडलाय, आउटची (सिग्नलच्या पायाची) वायर आर्डुइनोच्या ११ नंबरला. तिन्ही वायरी अर्धा मीटर लांब आणि ५ व्होल्ट पट्टीच्याच अ‍ॅडॉप्टरमधून घेतलेत. सीरियल मॉनिटरवर अधूनमधून आपोआप काहीतरी कोड उमटतात. पट्टी बंद असली की रिमोटचे कोड ठीक येतात. पट्टीवर अ‍ॅनिमेशन सुरू केलं की बटण कितीही वेळ दाबून धरा, काही नाही. रिमोट चालतोय का बघायला मोबाइलचा कॅमेरा धरला, त्यातही काही दिसलं नाही. डबीवाल्याचे पाय कसे ओळखायचे तेही सांगा.

ओहमभाऊ:
आधी आर्डुइनो बाजूला ठेवा. कोड चाळत बसण्याआधी रिसीव्हर एकटा जिवंत आहे का ते बघायचं, हा माझा हट्ट आहे आणि इथले जुने लोक तो ऐकून कंटाळलेत.

डबीवाल्याचं सोपं आहे. मीटर कंटिन्युइटीवर ठेवा, एक टोक पत्र्याला, दुसरं एकेका पायाला. ज्याला बीप वाजेल तो ग्राउंड. उरलेल्या दोघांत सप्लाय कुठला हे ज्या बोर्डावरून काढलाय तोच सांगेल: शेजारी छोटा इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर असतो, त्याचं प्लसचं टोक ज्या पायाकडे जातं तो सप्लाय. बोर्ड फेकून दिला असेल तर सप्लायच्या वायरीत ४७० ओहम टाकून दोन्ही प्रकारे लावून बघा. उलटा लागला तरी करंट १० मिलीअँपच्या आसपास अडतो. चिपची हमी मी देत नाही, पण सरळ ५ व्होल्ट देण्यापेक्षा बरं.

१८३८बीची फुगीर बाजू स्वतःकडे आणि पाय खाली धरले की डावीकडून आउट, ग्राउंड, ५ व्होल्ट. टीएसओपी१७३८ या दुसऱ्या रिसीव्हरमध्ये हाच क्रम ग्राउंड, ५ व्होल्ट, आउट असा आहे. दोन्ही तीन पायांचे, दोन्ही काळे. म्हणून दुसऱ्याच्या प्रोजेक्टची आकृती बघून जोडायचं नाही, हातातल्या पार्टची डेटाशीट बघायची.

आता चाचणी. लाल एलईडीचा लांब पाय ५ व्होल्टला, आखूड पाय १ किलोओहममधून रिसीव्हरच्या आउटला. बस. रिमोट रोखून बटण दाबा, एलईडी फडफडायला हवा. एलईडी आउट आणि ग्राउंडच्या मध्ये लावून ‘पेटतच नाही’ म्हणणारे दर महिन्याला एकजण तरी येतात. आउट एरवी हाय (५ व्होल्टच्या जवळ) असतो आणि सिग्नल आला की लो (शून्याच्या जवळ) होतो. आतला पुलअप (आउटला हाय धरून ठेवणारा रेझिस्टर) काही दहा किलोओहमचा, तो एलईडीला काय पोसणार? खाली ओढायला मात्र त्याच्यात ताकद आहे, १ किलोओहमने ३ मिलीअँप जातात, तेवढे चालतात.

एलईडी काढून मीटरनेही बघा. आउटवर स्वस्थ असताना जवळपास ५ व्होल्ट. एनईसी पद्धतीचा (कोड पाठवायची ही एक पद्धत) रिमोट असेल आणि बटण दाबून धरलं तर आकडा ४.५च्या आसपास उतरेल, शून्यावर जाणार नाही. १०८ मिलिसेकंदांत जेमतेम ९.५ मिलिसेकंद आउट लो असतो, मीटर त्याची सरासरी दाखवतो. ‘अर्धा व्होल्टच पडतोय, खराब आहे’ म्हणून चांगला पार्ट फेकू नका.

मोबाइलचं म्हणाल तर मागच्या कॅमेऱ्यावर बहुतेकदा इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर असतो. सेल्फीच्या कॅमेऱ्यातून बघा, बऱ्याच फोनमध्ये जांभळट ठिपका दिसतो.

आपोआप येणाऱ्या कोडांना सप्लाय जबाबदार असणार. ६० दिवे पूर्ण पांढरे लागले तर साडेतीन अँपच्या घरात जातात आणि तुमचा रिसीव्हर त्याच वायरीवर लोंबकळतोय. सप्लायमध्ये १०० ओहम, आणि रिसीव्हरच्या पायांना अगदी चिकटून ५ व्होल्ट ते ग्राउंड १० मायक्रोफॅरड. अर्धा मीटर मागे आर्डुइनोपाशी लावलेला कपॅसिटर मोजत नाही. तरीही येत राहिले तर खोलीतले दिवे मालवून बघा, इलेक्ट्रॉनिक चोकही काही दहा किलोहर्ट्झवरच चालतात.

तारयंत्र:
मध्येच विचारतो. मी आयआर एलईडी ३८ किलोहर्ट्झवर सतत चालवून समोर असाच रिसीव्हर ठेवलाय, दारातून कोणी गेलं की कळावं म्हणून. क्षणभर चालतं, मग गप्प.

ओहमभाऊ:
गप्प बसणारच. सतत येणारा कॅरियर (ती ३८ किलोहर्ट्झची लुकलुक) म्हणजे गोंगाट, असं धरून आतला एजीसी (संवेदनशीलता आपोआप कमी-जास्त करणारा भाग) गेन खाली आणतो. थांबून थांबून छोटे बर्स्ट (तुकडे) पाठवा, नाहीतर सलग कॅरियर चालणारा वेगळा पार्ट घ्या. पुढचं वेगळ्या धाग्यात विचारा, इथे पट्टी राहिली आहे.

दोनबिट:
पट्टीचं मी सांगतो. त्या दिव्यांना डेटा पाठवताना लायब्ररी इंटरप्ट (चालू काम मध्येच थांबवून दुसरं करायला लावणारे इशारे) बंद करते. एका दिव्याला ३० मायक्रोसेकंद, ६० दिव्यांना १.८ मिलिसेकंद. रिमोटची लायब्ररी मात्र दर ५० मायक्रोसेकंदांनी पिन बघते, आणि एनईसीचा लहानातला लहान तुकडा ५६० मायक्रोसेकंदांचा. म्हणजे पट्टीच्या एका रिफ्रेशमध्ये (सगळ्या दिव्यांना रंग पाठवण्याच्या एका फेरीत) बिटच्या बिट गायब. दाबून धरल्याने काही होत नाही, कारण पहिल्या फ्रेमनंतर (एकदा पूर्ण कोड पाठवून झाल्यावर) एनईसी फक्त ‘तेच चालू आहे’ एवढी खूण पाठवतो, तिच्यात कोड नसतोच.

पट्टी रंगवण्याआधी लायब्ररीला रिसीव्हर मोकळा आहे का ते विचारा, त्यासाठी ‘इज-आयडल’ फंक्शन आहे. मोकळा नसेल तर ती फेरी सोडा. रिफ्रेश चालू असतानाच फ्रेम आली तर ९ मिलिसेकंदांच्या सलामीतलाच तुकडा कापला जातो, तेवढं बहुधा खपून जातं. अ‍ॅनिमेशन किंचित अडखळेल.

रात्रकिडा:
डबीवाला जिवंत निघाला! एलईडी फडफडला, मीटरवर ४.९८ वरून ४.५३. १०० ओहम आणि कपॅसिटर लावल्यापासून आगंतुक कोड बंद. इज-आयडलनेही काम झालं, अडखळणं डोळ्यांना कळतही नाही.

आता वेगळीच गंमत. टीव्हीचा एक जुना रिमोट लावला तर एकाच बटणाला आलटून पालटून दोन कोड येतात, आणि तेही फार जवळून धरला तरच.

दोनबिट:
दोन्ही कोडांत हेक्सचा ८०० चा फरक आहे का?

रात्रकिडा:
हो! १० आणि ८१०.

दोनबिट:
मग तो आरसी५, कोड पाठवायची दुसरी पद्धत. त्यात टॉगल बिट असतो, बटण सोडून पुन्हा दाबलं की तो उलटतो. तुलना करण्याआधी तेवढा बिट मास्क करून (वगळून) टाका.

ओहमभाऊ:
आणि आरसी५चा कॅरियर ३६ किलोहर्ट्झ, तुमचा रिसीव्हर ३८चा. ऐकतो, पण पल्ला घटतो. खोलीभर चालायला हवा असेल तर टीएसओपी१७३६ घ्या, पाय १७३८ सारखेच. आणि तो लावताना १८३८बीचं सॉकेट तसंच वापरू नका, पायांचा क्रम वेगळा आहे.