कोरोनाच्या साथीत कामगारांना दिलेलं 'ट्रेनिंग': सही घेतली, शिकवलं काय?

शॉपफ्लोअरवाला
2020 मध्ये मी चाकणला एका व्हेंडर कंपनीत लाइनवर होतो. केंद्राच्या 15 एप्रिल 2020 च्या आदेशात लिहिलं होतं की दोन पाळ्या एकमेकींत मिसळू द्यायच्या नाहीत, जेवणाच्या वेळा वेगळ्या ठेवायच्या आणि स्वच्छतेचं प्रशिक्षण द्यायचं. आमच्याकडं गेटवर थर्मल गन, एक छापील कागद, त्यावर सही, की आत. कागद इंग्रजीत; सही करणारी पोरं बीड-लातूरची नाहीतर बिहार-ओडिशाची. चष्म्यावर वाफ धरते म्हणून पोरं मास्क नाकाखाली ओढायची आणि दंड भरायची. नाकावरची पट्टी चिमटून बसवली की वाफ कमी येते, हे दाखवायला दोन मिनिटं पुरली असती. ती कुणी दिली नाहीत.
माझं मत ठाम आहे. प्रशिक्षण पगारी वेळेत, कामगाराच्या भाषेत, प्रत्यक्ष करून घेऊन द्यावं, आणि ठेकेदाराच्या माणसांनाही द्यावं. सहीचा कागद प्रशिक्षण म्हणून धरूच नये.

भोसरीचा उद्योजक
दादा, तुमचा राग समजतो, पण आमची बाजूही ऐका. माझं छोटं वर्कशॉप आहे. तेव्हाच्या कायद्यानं सेफ्टी ऑफिसर हजार कामगारांच्या कारखान्याला लागायचा. माझ्याकडं मालक, हिशेबनीस आणि सेफ्टी ऑफिसर एकच माणूस. आणि शिकवायचं तरी काय होतं? सुरुवातीला सगळा जोर हात धुण्यावर आणि टेबलं पुसण्यावर. हा आजार हवेतून पसरतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीत स्पष्ट यायला 2021 चा एप्रिल उजाडला. दर आठवड्याला नियम बदलत होते, माणसं गावाकडं गेलेली, बँकेचे हप्ते डोक्यावर. अशा वेळी लाइन थांबवून वर्ग घ्या म्हणणं सोपं आहे. शिकवण्याचं काम सरकारनं करावं, लहान मालकाच्या गळ्यात बांधू नये.

वॉर्डातली सिस्टर
नियम बदलत होते म्हणूनच परत परत शिकवायला हवं होतं ना, साहेब? पीपीई किट घालणं सोपं, घात होतो तो काढताना. गाऊनची बाहेरची बाजू आत गुंडाळत उतरवायची, प्रत्येक टप्प्याला हातांना सॅनिटायझर, मास्क सगळ्यात शेवटी. हे वाचून येत नाही. आम्ही नर्सेस जोडीनं सराव करायचो, एक काढतेय, दुसरी चुका दाखवतेय.
आमच्या सफाईच्या मावशींना मात्र नुसता हायपोक्लोराइट या जंतुनाशकाचा कॅन हातात दिला. पाच टक्क्यांचं औषध असेल तर एका भागाला चार भाग पाणी, तेव्हा एक टक्क्याचं द्रावण होतं, हेसुद्धा सांगितलं नव्हतं. एकीनं जास्त स्वच्छ व्हावं म्हणून त्यात संडासाचं अ‍ॅसिड ओतलं. क्लोरीन वायू तयार झाला, बाई खोकून खोकून अर्धमेली झाली. त्या ठेकेदाराच्या होत्या म्हणून त्यांचं नाव प्रशिक्षणाच्या यादीतच नव्हतं.

हवा आधी
शॉपफ्लोअरवाले दादा आणि सिस्टर, मी तुम्हा दोघांच्याही विरोधात. प्रशिक्षणावर एवढा भर दिला की जबाबदारी अलगद कामगारावर सरकते. सुरक्षेच्या कामात क्रम ठरलेला आहे: आधी धोकाच काढा, मग यंत्रणेत बदल करा, मग कामाची पद्धत बदला, आणि मास्क-हातमोजे शेवटी. बंद शेडमध्ये एक्झॉस्ट फॅन बिघडलेला असताना मास्कचे धडे देऊन काय साधणार?
आणि ताप लपवू नका असं किती वेळा शिकवणार? ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेत, आजारपणात 70 टक्के पगार मिळतो, वर्षाला 91 दिवसांपर्यंत. पण एरवी पहिले दोन दिवस कोरडे जातात, आणि आधीच्या सहामाहीत 78 दिवसांची वर्गणी नसेल तर काहीच नाही. ठेकेदार बदलला, खंड पडला, की रोजंदारीचा माणूस गोळी खाऊन कामावर येणार. त्याला अज्ञानी समजू नका, त्याला सगळं कळतं. आधी पगारी रजा द्या.

शॉपफ्लोअरवाला
रजेचा मुद्दा सोळा आणे खरा. पण प्रशिक्षण म्हणजे फक्त विषाणूचं, असं तुम्ही धरलंय. विशाखापट्टणमला 7 मे 2020 ला काय झालं? लॉकडाऊनमध्ये बंद असलेल्या कारखान्यातल्या टाकीतून स्टायरीन वायू सुटला, 12 माणसं गेली. दोनच दिवसांनी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं सूचना काढल्या: कारखाना उघडल्यावर पहिला आठवडा चाचणीचा धरा, उत्पादनाच्या मागं धावू नका, वेगळा वास, आवाज, थरथर, गळती ओळखायला कामगारांना शिकवा.
आमच्याकडं पहिल्याच दिवशी टार्गेट लागलं. जुने ऑपरेटर गावी अडकलेले, म्हणून पॅकिंगमधला पोरगा पॉवर प्रेसवर बसवला. प्रेसला दोन्ही हातांनी दाबायची दोन बटणं असतात, हात डायमध्ये, म्हणजे प्रेसच्या साच्यात, राहू नयेत म्हणून. एक बटण टेपनं दाबून ठेवलेलं होतं, काम भराभर व्हावं म्हणून. ते तसं का नको हे त्या पोराला कोण सांगणार? बोट गेलं त्याचं. साथीनं माणसांची अदलाबदल केली, आणि तीच वेळ शिकवण्याची होती.

हवा आधी
ते बटण टेप लावून चालूच होणार नाही असं सर्किट बसवता येतं. मी तेच म्हणतोय.

शॉपफ्लोअरवाला
बसवा की! पण बसेपर्यंत त्या पोराला "टेप काढल्याशिवाय मी बसणार नाही" म्हणता यायला हवं. माहिती नसेल तर तो नाही म्हणणार कशाच्या जोरावर?

वॉर्डातली सिस्टर
ठेकेदाराला मनुष्यबळाचे पैसे मिळतात, शिकवण्याचे नाही. म्हणून मावशींना कुणी शिकवत नाही. प्रशिक्षणाचे तास बिलात वेगळे दाखवा आणि जिथं काम चालतं त्या मूळ संस्थेनं ते भरावेत.

भोसरीचा उद्योजक
प्रेसवर नवा माणूस शिकवल्याशिवाय बसवू नये, यावर माझा वाद नाही. पण ताई, मग हाच हिशेब वरपर्यंत लावा. मोठ्या कंपन्या आमच्याकडून पार्ट घेताना पैशा-पैशानं रेट पाडतात, त्यात शिकवण्याचा एक तासही धरलेला नसतो. तो तास परचेस ऑर्डरमध्ये लिहून द्या, मी सोमवारपासून सुरू करतो.